पावतीवरचा रकाना आणि वाकिफची अट

रमजानात जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत मदरशांचे लोक पावतीपुस्तक घेऊन येतात. पावतीवर जकात, फित्रा, सदका, लिल्लाह असे वेगवेगळे रकाने असतात. देणारा सांगतो, ‘ही जकातीची रक्कम आहे’, आणि तशी खूण होते. ही नुसती कारकुनी नाही. या खुणेमागे चौदाशे वर्षांची परंपरा आहे.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली. तिचं काय करावं, हे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारलं. मूळ जमीन राखावी आणि तिचं उत्पन्न दान करावं, असा सल्ला मिळाला. मग ठरलं: जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरिबांसाठी, नातलगांसाठी, गुलामांच्या सुटकेसाठी, वाटसरूंसाठी. देखभाल करणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातून खावं, पण संपत्ती जमवू नये. पुढे फकिहांनी नियम मांडला की वाकिफची जायज अट शरीयतच्या हुकमासारखी पाळली पाहिजे.

आपल्याकडे मशिदीच्या दिवाबत्तीसाठी, दर्ग्याच्या खर्चासाठी इनाम जमिनी दिल्या गेल्या. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. इनामांच्या तपासणीसाठी १८५२ चा कायदा आला, तेव्हा मशिदी आणि मंदिरांच्या खर्चासाठी चालत आलेली इनामं कायम ठेवण्याची तरतूद त्यात होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामं रद्द झाली, धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची मात्र वगळली गेली. माणसाचं इनाम गेलं, कामाचं राहिलं.

पण जमीन राहिली म्हणून हिशोब राहतोच असं नाही. म्हणून १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लीला मालमत्ता, उत्पन्न आणि खर्च यांचं विवरण न्यायालयात द्यायला लावलं. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. नोंदणी आणि हिशोबतपासणी सक्तीची झाली. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर विकता येईना. खानदेश मुंबई राज्यात असल्याने इथल्या संस्था या कायद्याखाली आल्या. अजिंठ्याचा घाट चढून मराठवाड्यात गेलं की १९५४ चा वक्फ कायदा लागू होता. पुढे १९९५ चा केंद्रीय वक्फ कायदा आला आणि ४ जानेवारी २००२ रोजी महाराष्ट्र वक्फ मंडळ स्थापन झालं. मुसलमानांचा प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट म्हणजे वक्फ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दफ्तर कोणतंही असो, दात्याने सांगितलेलं काम बदलत नाही.

दात्याची अट सरकारच्या हातीही सहज पार पडत नाही. मुंबईचे सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी ८ लाख रुपये सरकारकडे दिले. त्यातून जोगेश्वरीला इस्माईल युसूफ कॉलेज उभं राहिलं १९३० मध्ये, सोळा वर्षांनी. पुढे ते सर्वांसाठीचं सरकारी कॉलेज झालं. तिथे कोणीही शिकावं, यात वाईट काही नाही. पण मूळ उद्देशाचं काय झालं, हा प्रश्न समाजात आजही विचारला जातो.

तोच प्रश्न मोहल्ल्याच्या छोट्या तिजोरीलाही लागू आहे. मशिदीचं छत गळतंय आणि खात्यात जकात पडून आहे. ‘दोन्ही अल्लाहचीच कामं’ म्हणून कमिटी ती रक्कम छताला वापरते. हनफी फिकहनुसार जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे; तिच्यातून मशीद बांधता येत नाही. छत दुरुस्त होतं, पण ज्या विधवेसाठी तो पैसा होता तिचा हक्क बुडतो, आणि तिला ते कळतही नाही.

उपाय सोपे आहेत. जकातीचं खातं वेगळं असावं. पावतीवर ‘गरजेप्रमाणे कोणत्याही कामासाठी’ असाही एक रकाना असावा. छतासाठी त्यातले पैसे घ्यावेत, कमी पडले तर छताच्याच नावाने मागावेत. जुन्या ट्रस्टचा उद्देशच उरला नसेल, तर कमिटीने बैठकीत हात वर करून तो बदलू नये. १९५० च्या कायद्यातल्या कलम ५५ नुसार धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयात जावं. आणि दर ईदनंतर प्रत्येक रकान्यात किती आले, किती गेले, हे मशिदीच्या फळ्यावर लिहावं.