टाचेखालचा हात

रुग्ण उताणा झोपलेला. डावा पाय लुळा. डॉक्टर डाव्या टाचेखाली तळहात ठेवून म्हणतात, "टाच खाली दाबा." जोर लागत नाही. मग ते उजव्या मांडीवर हात ठेवून सांगतात, "आता हा पाय उचला, मी दाबून धरतो." रुग्णाचं सगळं लक्ष उजव्या पायाकडे जातं आणि डावी टाच डॉक्टरांच्या तळहातात चांगलीच रुतते.

हे हूवरचं चिन्ह. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे डॉ. चार्ल्स फ्रँकलिन हूवर यांनी ते १९०८ मध्ये प्रसिद्ध केलं. एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटा देतो, हे त्यांनी हेरलं. मेंदूला इजा होऊन लुळ्या पडलेल्या पायात हा रेटा असा एकाएकी परतत नाही.

या तपासणीचं मूळ पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयापर्यंत जातं. मेंदूला इजा नसताना येणाऱ्या लुळेपणाला तेव्हा हिस्टेरिया म्हणत, आणि हिस्टेरिया हा गर्भाशयाचा आजार, ही समजूत ग्रीकांपासून चालत आली होती. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी तो मज्जासंस्थेचा विकार मानला आणि पुरुषांमध्येही दाखवला. मेंदूत बिघाड मात्र त्यांना सापडला नाही. त्यांचे सहकारी पिएर जाने यांनी १८८९ मध्ये मांडलं, की जाणिवेचा एखादा भाग उरलेल्या मनापासून तुटतो आणि स्वतंत्रपणे वागू लागतो. मनातला संघर्ष शरीराच्या लक्षणात उतरतो, असं फ्रॉईड म्हणाले. शार्कोंचेच शिष्य बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये तळपाय खरवडून अंगठ्याची हालचाल पाहण्याची खूण दिली; मज्जासंस्थेची इजा आणि हिस्टेरिया त्यावरून वेगळे ओळखता येऊ लागले. हूवर याच वाटेने पुढे गेले.

पण त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सोंग ओळखणं आणि इजेविना आलेला लुळेपणा ओळखणं ही दोन्ही कामं एकत्र होती. सोंगाचा हा डाग पुढे पुसता पुसेना. टाच दाबली गेली, की 'पकडलं!' असा सूर लागायचा. खरं तर, रुग्ण मुद्दाम करतोय की नाही, हे एकटं हूवरचं चिन्ह सांगू शकत नाही. मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत आहे, एवढंच ते सांगतं. ठरवून हालचाल करायला गेलं की ती अडते; लक्ष दुसरीकडे गेलं की सुटते.

१९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणातून हिस्टेरिया हे निदान गेलं. त्यातले आजार शारीरिक लक्षणांचे आणि विघटनाचे (जाणीव तुटण्याचे) अशा वेगवेगळ्या गटांत विभागले गेले. २०१३ च्या आवृत्तीने आणखी एक अट काढली: आता निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे असं नाही. भर आला तो हूवरसारख्या प्रत्यक्ष खुणांवर. त्याआधी वर्षभर जॉन स्टोन आणि मार्क एडवर्ड्स या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी सुचवलं होतं, की ही खूण रुग्णापासून लपवू नये, त्यालाच दाखवावी.

मला या कुळकथेतलं हेच वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही" हे ऐकून माणूस खचतो, घरचेही संशयाने बघू लागतात. त्याऐवजी, "पाहा, पायात ताकद आहे, मेंदूचा हुकूम मध्येच अडतोय, आणि तो सुटू शकतो" हे त्याला स्वतःच्या टाचेवरून पटलं, तर फिजिओथेरपीला भक्कम पाया मिळतो. दुखणं खरं आहे आणि ते बरं होऊ शकतं, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी सांगता येतात. म्हणून ही तपासणी केसपेपरवर नोंदवून थांबू नये. ती रुग्णाला दाखवणं हा उपचाराचाच भाग आहे.