इस्त्री, मेण आणि धूर: स्कीच्या टेबलाची गोष्ट

कपड्यांना इस्त्री करताना धूर निघाला की आपण पटकन हात उचलतो, हो ना? नॉर्वे-स्वीडनमध्ये हिवाळ्यात कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये एक वेगळीच इस्त्री तापत असते. टेबलाला दोन शिकंजे, त्यांत उलटी घट्ट बसवलेली स्की आणि तिच्या तळावर वितळणारं मेण. आज गोष्ट या टेबलाची. आणि त्या धुराचीही.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ मुळातच घसरडा, मग मेण कशाला? तर बघा, फार थंडीत बर्फाचे कण वाळूसारखे खरखरीत होतात आणि ऊन वाढलं की ओला बर्फ तळाला चिकटतो. म्हणजे हवा बदलली की मेणही बदलायचं.

सुरुवातीला होतं पाइनच्या झाडाचं डांबर. 1673 मध्ये योहान्नेस शेफेरुसने लॅपलँडवरच्या आपल्या पुस्तकात ते लिहून ठेवलंय. पुढे 1860 च्या दशकात कॅलिफोर्नियातले सोन्याच्या खाणींतले कामगार लांबलचक स्कीवर शर्यती लावायला लागले. त्यासाठी देवमाशाच्या डोक्यातलं मेण, राळ, कापूर असं काय काय एकत्र शिजवायचे. कृती मात्र कुणाला सांगायची नाही! 1913 मध्ये नॉर्वेच्या पेटर ओस्टब्यूने ‘क्लिस्टर’चं पेटंट घेतलं. क्लिस्टर म्हणजे खळ. नावाप्रमाणेच चिकट, घट्ट झालेल्या बर्फावर पाय रोवायला.

1946 मध्ये स्वीडनमध्ये ‘स्विक्स’ आलं आणि गुपित दुकानात पोचलं. हिरवं मेण कडक थंडीला, निळं मधल्या थंडीला, लाल ओल्या बर्फाला. रंग बघा आणि लावा. साध्या माणसालाही घरच्या टेबलावर हे जमायला लागलं.

पण वेगाची हाव कुठे थांबते! 1980 च्या दशकात मेणात फ्लोरिन आलं. पाणी तळावर टिकेचना, स्की सुसाट. खेळाडू पदक घेऊन घरी जायचा, आणि बंद खोलीत तासन्‌तास तापल्या इस्त्रीचा धूर घेणारा माणूस मागे राहायचा. 2010 च्या सुमारास स्वीडन आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी या मेण लावणाऱ्यांचं रक्त तपासलं. त्यात ही रसायनं सामान्य माणसाच्या कित्येक पट निघाली. ही रसायनं निसर्गात सहज विघटित होत नाहीत. त्यातल्या ‘पीएफओए’ला 2023 मध्ये कर्करोगकारक ठरवलं गेलं. त्याच वर्षीच्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये फ्लोरिनच्या मेणावर पूर्ण बंदी घातली.

तेव्हा परदेशात राहणाऱ्या आपल्या कुणा श्रोत्याला घरी असं टेबल मांडायचं असेल, तर शिकंजे, इस्त्री, खरवडायची पट्टी, ब्रश आणि कडांसाठी कानस घ्या. मेण फ्लोरिन नसलेलंच आणा. इस्त्री धूर निघेपर्यंत तापवू नका. आणि सगळ्यात आधी खिडकी उघडा.

कारण शर्यत कुणीही जिंको, श्वास टेबलापाशी उभा असलेलाच घेतो. भेटू पुढच्या भागात!