धर्म सुटला एका दिवसात, सवय सुटायला पिढी लागली



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते २,४८७. १९६१ साली ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. कागदावरचा धर्म असा झपाट्याने बदलला. पण अंगात मुरलेली सवय? तिचा इतिहास वेगळा आहे.

जुन्या धर्माने आपल्या माणसांना एकच धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवायला लावला : टाळा. पाणवठा टाळा, देऊळ टाळा, चावडीची पायरी टाळा. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. शिपाई हजर नसला तर पाणी नाही. न्हावी हात लावीना, म्हणून केस कापायची थोरली बहीण. १९०१ च्या सुमारास वडिलांकडे निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची आणि त्याने पायी चालायचं या अटीवर. रात्रभर पाण्याविना काढली. ही हकीकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे.

असं सोसलं की माणूस पुढे कुणी न सांगताही मागे सरतो. सभेत दाराशी बसणं, हापशावर शेवटी उभं राहणं, आडनाव विचारलं की घुटमळणं, ही त्याचीच पिल्लं. दुसरी बाजू देवाच्या भयाची. आपल्या भागात अनेकांनी देवाचे टाक नदीत सोडले. पण पोराला ताप आला, की म्हातारीच्या मनात मरीआई येई. देव गेला तरी कोप मनात राहिला होता.

ही सवय मोडली कशी? पहिलं, हाताने. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब नुसते बोलले नाहीत, चवदार तळ्यावर चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि लोकांनाही प्यायला लावलं. दुसरं, सोबतीने. बावीस प्रतिज्ञा हजारोंनी एकसुरात म्हटल्या. एकट्याचं भय समूहात विरतं. तिसरं, पोटाची बेडी तोडून. महारकीचं वतन असेतोवर 'जोहार मायबाप' सुटणं अवघड होतं. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' वाचा, तराळकी म्हणजे काय ते कळेल. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं गेली. वाकून घातलेल्या जोहाराच्या जागी ताठ मानेचा 'जयभीम' आला.

चौथी वाट तथागतांची. सिगाल नावाचा तरुण बापाने सांगितलं म्हणून रोज सहा दिशांना हात जोडायचा. बुद्धांनी त्याला झिडकारलं नाही. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायकामुलं, उत्तर म्हणजे मित्र, खाली कामकरी, वर श्रमण : यांच्याशी नीट वागणं हीच दिशांची पूजा, असं समजावलं. जुनी सवय नुसती काढली तर पोकळी राहते, आणि त्या पोकळीत भय परत शिरतं. तिथे चांगलं काम बसवावं लागतं. अमावास्येचा नारळ सोडला असेल, तर त्या दिवशी विहारात वंदनेला या, पोरांचा अभ्यास घ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. आपण काही टाळतो ते समजून, की भिऊन? प्रतिज्ञेला जागून पूजा न करणं हा निर्धार. पण शेजाऱ्याच्या दारातच जायचं नाही, त्याचं पाणी घ्यायचं नाही, हे तर जुनं सोवळंच उलटं नेसण्यासारखं झालं! बुद्धांनी भयाला चार अगतींत, म्हणजे वाममार्गांत, मोजलं आहे. म्हणून विहारातून घरी जाताना प्रत्येकाने मनाला एवढं विचारावं : मी अजून कुठे दाराशीच थांबतो? आणि पुढच्या खेपेला पुढे जाऊन बसावं.

नमो बुद्धाय! जयभीम!