पुन्हा उमटणारा डाग : गालिचा-सफाईच्या व्यवसायाच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव, पेटंटाचे वर्ष आणि यंत्राची रचना एवढे सांगून थांबण्याची प्रथा आहे. ते यंत्र ज्यांच्या हाती पडले त्यांना ते वापरताना कोणत्या अडचणी आल्या आणि त्या अडचणींतून कोणते ज्ञान निपजले, याचा विचार सहसा होत नाही. गालिचे साफ करण्याचा व्यवसाय हे याचे एक बोलके उदाहरण होय. या व्यवसायात एक तक्रार वारंवार ऐकू येते. सफाई झाली त्या दिवशी गालिचा स्वच्छ दिसला, डाग समूळ गेला असे सर्वांना वाटले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो त्याच जागी, त्याच आकाराचा, पुन्हा उमटला. ही तक्रार निव्वळ कामचुकारपणाची खूण नसून या व्यवसायाच्या प्रगतीतूनच ती जन्माला आली, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीतील 'डाग' हा शब्द फारसी 'दाग'शी संबद्ध असून तापल्या लोखंडाने कातडीवर उठवलेली खूण हा त्या फारसी शब्दाचा एक प्रमुख अर्थ होय. 'डागणे' या आपल्या क्रियापदात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. म्हणजे डाग या कल्पनेत न पुसली जाणारी खूण हा भाव अगोदरच आहे. शिवाय व्यवहारात आपण धूळ झटकतो आणि मळ काढतो. डाग मात्र 'जातो'. धूळ आणि मळ यांच्या बाबतीत कर्तृत्व आपले असते, डागाच्या बाबतीत ते डागाचे असते. जे स्वतः जाते ते स्वतः परतही येऊ शकते. भाषेने सहज केलेला हा भेद या व्यवसायाच्या इतिहासाशी किती जुळतो, हे पुढे दिसून येईल.

१

गालिचा साफ करण्याची सर्वांत जुनी पद्धत कोरडी होती. गालिचा उचलावा, उन्हात टाकावा अथवा दोरीवर घालावा आणि काठीने बडवावा. आपल्याकडे सतरंजी आणि जाजम यांच्या बाबतीत हेच केले जात असे व अजूनही केले जाते. लंडनसारख्या दाट वस्तीच्या शहरात या बडवण्याचा लोकांस एवढा उपद्रव होई की, इ. स. १८३९ च्या महानगर पोलीस कायद्यान्वये रस्त्यावर गालिचे बडवणे वा झटकणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला. पायपुसणी मात्र सकाळी आठच्या आत झटकण्यास मोकळीक होती.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालविणाऱ्या मेल्व्हिल बिसेल याने इ. स. १८७६ मध्ये फिरत्या ब्रशाच्या गालिचा-झाडणीचे पेटंट घेतले. इ. स. १८८९ मध्ये तो वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅना बिसेल हिने तो कारखाना समर्थपणे सांभाळला. या झाडणीने बडवण्याचे कष्ट वाचले, तथापि तिची पोच गालिच्याच्या वरच्या थरापुरतीच होती.

यापुढील पाऊल हवेच्या साहाय्याने पडले. सेंट लुई येथील जॉन थर्मन याने इ. स. १८९९ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळविले ते दाबाखालील हवा गालिच्यावर सोडून धूळ उडवीत असे. इ. स. १९०१ मध्ये लंडनमधील एका नाट्यगृहात अशाच एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने पाहिले. उडविलेली धूळ पुन्हा खाली बसते, मग ती ओढूनच का घेऊ नये, असा प्रश्न त्याला पडला. त्याने एका उपाहारगृहातील आसनावर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकून श्वास आत ओढला आणि धुळीने गुदमरून गेला. परंतु रुमालाच्या खालच्या बाजूस उमटलेला मळाचा काळा ठिपका पाहून आपली कल्पना खरी ठरली अशी त्याची खात्री पटली. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले.

बूथचे यंत्र घरात मावण्यासारखे नव्हते. घोड्यांनी ओढलेल्या गाड्यावर पेट्रोलचे इंजिन आणि पंप बसविलेला असे. गाडा रस्त्यावर उभा राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत नेल्या जात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बूथने आरंभी यंत्र विकले नाही, सफाई विकली. गणवेशधारी माणसे यंत्रासह येत, काम करीत आणि निघून जात. इ. स. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधील गालिचे याच यंत्राने साफ करण्यात आले आणि व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली. काही नळ्यांमध्ये काचेचा एक तुकडा बसविलेला असे, जेणेकरून जाणारी धूळ यजमानांना डोळ्यांनी पाहता यावी. धंद्याचा विश्वास कशावर उभा राहतो, हे त्या काचेच्या तुकड्याने नेमके दाखविले. ग्राहकाला घाण जाताना दिसली पाहिजे.

या सबंध कालखंडात परत येणाऱ्या डागाचा प्रश्न ठळकपणे उद्भवत नव्हता. कोरड्या सफाईत जे निघेल ते निघते आणि जे निघत नाही ते डोळ्यांसमोर राहते. त्यात भ्रमाला वाव नसतो.

२

ही स्थिती दोन कारणांनी पालटली. ओहायो राज्यातील कँटन येथे एका दुकानात झाडलोटीचे काम करणारा जेम्स मरे स्पँगलर हा दम्याने पीडित होता. त्याने इ. स. १९०८ मध्ये विजेवर चालणाऱ्या सुटसुटीत यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याचे हक्क पुढे हूव्हर यांच्याकडे गेले. घरोघरी यंत्र आले तशी धूळ काढण्याचे काम गृहिणीकडे अथवा घरातील नोकराकडे गेले. व्यावसायिकाच्या वाट्याला उरले ते जे घरात निघत नाही ते, म्हणजे डाग आणि मुरलेला मळ. त्यासाठी पाणी वापरणे भाग होते.

दुसरे कारण गालिच्याच्या स्वरूपातच घडलेले स्थित्यंतर होय. सुटा गालिचा कारखान्यात नेता येतो, दोन्ही बाजूंनी धुता येतो आणि टांगून वाळविता येतो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला जखडलेले गालिचे सर्रास दिसू लागले. जॉर्जिया राज्यातील डाल्टन गावी कॅथरिन एव्हान्स या मुलीने इ. स. १८९५ मध्ये हाताने धाग्याचे गुच्छ ओवून एक पलंगपोस तयार केला होता. त्या हस्तकलेतून पुढे यंत्रावर गुच्छ ओवण्याची पद्धत निघाली आणि इ. स. १९५० च्या सुमारास तिने रुंद पन्ह्याचे स्वस्त गालिचे निर्माण केले. अशा गालिच्यात वर लव असते, लवेचे धागे ज्यात ओवलेले असतात ती पाठ खाली असते आणि तिच्याखाली बहुधा मऊ गादी अंथरलेली असते. हा गालिचा उलटता येत नाही. म्हणजे ज्या काळात व्यावसायिकाने पाणी हाती घेतले, नेमक्या त्याच काळात गालिच्याची खालची बाजू त्याच्या हातातून गेली. परत येणाऱ्या डागाचे मूळ या योगायोगात आहे.

३

हा डाग परत कसा येतो, हे समजण्यास समईतील वातीचे उदाहरण पुरेसे आहे. तेल तळाशी असते, ज्योत टोकाशी असते आणि टोकाशी तेल जळत राहते तसतसे खालचे तेल वातीतून वर चढते. कपभर चहा गालिच्यावर सांडला म्हणजे त्यातील थोडाच भाग लवेत राहतो, उरलेला पाठीत व गादीत उतरतो. सफाई करणारा वरची लव धुतो आणि त्याच वेळी खाली वाळून बसलेला चहा पाण्याने पुन्हा विरघळवितो. मग गालिचा वाळू लागतो. बाष्पीभवन लवेच्या टोकांशी होते, खालचे पाणी केशाकर्षणाने तिकडे खेचले जाते आणि त्यात विरघळलेले द्रव्य टोकांवर येऊन साठते. पाणी उडून जाते, रंग राहतो. इंग्रजीत या क्रियेला धंद्यातील लोकांनी दिलेले नावही दिव्याच्या वातीवरूनच घेतलेले आहे.

नळी जितकी अरुंद तितके द्रव अधिक उंच चढते, हा नियम जेम्स ज्युरिन याने इ. स. १७१८ मध्ये मांडला होता. वाळणाऱ्या कॉफीच्या थेंबाचा रंग कडेलाच का साठतो याचे सविस्तर भौतिकशास्त्रीय विवेचन मात्र इ. स. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोहोंच्या दरम्यान केव्हातरी गालिचा धुणाऱ्या माणसाने आपल्या गुडघ्यांवर बसून हीच गोष्ट ओळखली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि परत येणारा प्रत्येक डाग याच जातीचा नसतो. कारागिरांनी अनुभवाने त्याच्या तीन जाती वेगळ्या केल्या आणि त्यांची ओळख काळावरून ठरविली. एक-दोन दिवसांत, म्हणजे गालिचा वाळताच, त्याच जागी उमटतो तो खालून चढलेला डाग. काही आठवड्यांनी हळूहळू काळवंडतो तो डाग नसून नवा मळ असतो. धुण्याचे द्रव्य पुरते न निघाल्यामुळे तंतूंवर चिकट थर राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ तो धरून ठेवतो. इ. स. १९३० नंतर साबणाच्या जागी डिटर्जंट आले, त्यामुळे जड पाण्यात साका धरण्याचा दोष गेला. परंतु फेस करून घासावयाचे आणि तो तेथेच वाळू द्यावयाचा, या फिरत्या ब्रशाच्या शाम्पू-पद्धतीत हा चिकटपणाचा दोष कायम राहिला.

तिसरी जात सर्वांत विलक्षण आहे. कोणीही काही सांडलेले नसताना धुतलेल्या गालिच्यावर तपकिरी छटा पसरते. जुन्या गालिच्यांची पाठ पुष्कळदा तागाची असे आणि हा ताग मुख्यतः बंगालच्या भूमीतला असे. तागात लिग्निन असते. तो फार भिजला, त्यात अल्कधर्मी द्रव्य मुरले आणि वाळण्यास वेळ लागला, तर त्यातील तपकिरी द्रव्ये सुटून पाण्याबरोबर वर चढतात. म्हणजे हा डाग बाहेरून आलेला नसून गालिच्याच्या पोटातला असतो, आणि त्याला वर आणणारा सफाईवालाच असतो. त्यावर उपाय म्हणजे अधिक जोरदार साबण नव्हे, तर त्याच्या उलट, सौम्य अम्ल आणि जलद वाळवण. पुढे तागाची जागा पॉलिप्रोपिलीनने घेतली तशी ही तक्रार पुष्कळ कमी झाली.

४

इ. स. १९७० च्या दशकात गरम पाण्याचा फवारा मारून ते तत्काळ ओढून घेणारी यंत्रे प्रचारात आली. लोक या पद्धतीस 'स्टीम क्लीनिंग' म्हणू लागले. नावात वाफ आहे, यंत्रात मात्र गरम पाणीच असते. या यंत्रात स्वच्छ पाण्याची टाकी, पंप, तोंडाशी फवारा, ओढून घेणारी मोटर आणि मळक्या पाण्याची टाकी अशी अंगे असतात. जाहिरातींत पंपाच्या दाबाची आणि पाण्याच्या उष्णतेची वाखाणणी होई. कारागिराला मात्र लवकरच कळून चुकले की, पाणी किती जोराने घातले यापेक्षा किती परत काढले यावर सर्व काही अवलंबून आहे.

म्हणून या धंद्यात डागाची चौकशी आणि यंत्राची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. मळक्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाचे रबर झिजले, नळीला बारीक चीर गेली अथवा गाळणी केसांनी भरली, तर ओढ मंदावते आणि पाणी गालिच्यातच राहते. फवाऱ्याचे छिद्र जड पाण्याच्या क्षारांनी अर्धे बुजले, तर एका पट्ट्यात पाणी कमी आणि दुसऱ्यात जास्त पडते. ग्राहकाच्या घरी उमटलेला डाग पाहून यंत्राचे झाकण तपासणारा कारागीर वरवर विचित्र वाटेल, पण तोच योग्य ठिकाणी पाहत असतो. फवारा बंद ठेवून नुसती ओढ देत दोन-तीनदा फिरणे, काम संपताच पंखे लावणे आणि संशयित जागी पांढरा टॉवेल वजनाखाली रात्रभर दाबून ठेवणे, हे उपाय याच ज्ञानातून निघाले. या शेवटच्या उपायात तर वातीचे टोकच लवेवरून टॉवेलवर नेलेले असते. डाग परत येतोच, पण टॉवेलवर येतो. मुंबईसारख्या शहरांतील कचेऱ्यांत आणि हॉटेलांत असे जखडलेले गालिचे आहेत आणि पावसाळ्यातील दमट हवेत ते सावकाश वाळतात. तेथे तर पंख्यांवाचून गत्यंतर नाही.

इ. स. १९७२ मध्ये अमेरिकेत गालिचा-सफाईचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे देण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तीच आज आयआयसीआरसी या नावाने ओळखली जाते. तोवर गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाणारे ज्ञान पाठ्यक्रमात आले. याचा आर्थिक अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. डाग परतला की ग्राहकाला वाटते आपण फसलो, आणि कारागिराला विनामोबदला दुसरी खेप करावी लागते. कारण सांगता आले नाही, तर ती खेप म्हणजे अपराधाची कबुली ठरते. कारण आधीच सांगून ठेवले असेल, तर तीच खेप कामाचा भाग ठरते. म्हणजे येथे शास्त्रीय स्पष्टीकरण ही कारागिराच्या अब्रूची बाब आहे.

बूथच्या नळीतील काचेने ग्राहकाला घाण जाताना दाखविली. तेवढ्याने धुळीच्या बाबतीत विश्वास बसला, कारण धूळ एकदा गेली म्हणजे गेली. पाण्याच्या सफाईला अशी काच नाही. जे घडते ते पाठीच्या खाली आणि काम संपल्यानंतर घडते, म्हणून तेथे काचेचे काम शब्दांना करावे लागते. या व्यवसायाच्या इतिहासात पेटंटांची नोंद झाली, पण दुसऱ्या खेपेची झाली नाही. वस्तुतः डागाच्या तीन जाती, टॉवेल आणि वजन, तसेच झाकणाच्या रबराकडे जाणारी नजर ही सर्व त्या दुसऱ्या खेपेची कमाई होय. आपल्याकडील रंगारी, परीट, कल्हईवाले यांच्या धंद्यांतही अशा दुसऱ्या खेपा झाल्याच असतील. त्यांची परिभाषा ती बोलणारी माणसे हयात आहेत तोवर टिपून ठेवणे, हे भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे समाईक कर्तव्य ठरते.