मालपेकर बाईंचे दुसरे गाणे

पत्रादेवीची हद्द ओलांडून मुंबईचा रस्ता पेडण्याच्या दिशेने निघाला की वाटेत मालपे लागते. या गावाचे नाव हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात कायमचे गोवले गेले ते अंजनीबाई मालपेकरांमुळे. त्यांचा जन्म 22 एप्रिल 1883 चा. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई या दोघीही गाणाऱ्या. पोर्तुगीज अमलातील नव्या काबिजादीत कलावंत घराण्यातील मुलीला विद्या आणि लौकिक दोन्ही हवे असतील, तर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नसे. अंजनीबाईही मुंबईस आल्या आणि वयाच्या आठव्या वर्षी भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नझीर खाँपाशी शिकू लागल्या.

नझीर खाँ व त्यांचे बंधू छज्जू खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे मुरादाबादकडचे. खुला आकार, लांब दमाची आलापी आणि मेरुखंडाच्या हिशेबाने केलेली स्वरांची मांडणी ही त्यांच्या गायकीची लक्षणे. हे गाणे घाई सोसत नाही. सुरावरून सुराकडे जाताना मधली वाट तुटू द्यायची नाही, हा त्याचा दंडक.

1899 साली, सोळाव्या वर्षी, बाई मुंबईत पहिल्यांदा मैफलीत बसल्या आणि त्यांचे नाव झाले. दुर्दैवाने ते जितके गळ्यामुळे झाले तितकेच रूपामुळेही. रविवर्म्याच्या चित्रांशी त्यांचे नाव आजही जोडले जाते, आणि त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लेखक तेथेच रेंगाळतात. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला मैफलीत कोणत्या नजरांना सामोरे जावे लागे, हे मात्र थोडेच जण लिहितात. विशीच्या आरंभी बाईंचा आवाज गेला. पुढे तो परतला आणि गाणे पुन्हा सुरू झाले; परंतु मैफलींविषयीचा त्यांचा उबग वाढतच गेला. 1920 च्या सुमारास गुरू निवर्तले, आणि 1923 मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, बाईंनी जाहीर गाणे सोडले.

आमचे चरित्रकार बहुधा येथे लेखणी खाली ठेवतात. मैफली आणि ध्वनिमुद्रिका मोजण्याची सवय जडली की ज्याची तबकडी नाही त्याचे पुनरागमनही दिसत नाही. अंजनीबाईंचे दुसरे गाणे तबकडीवर आले नाही. ते दुसऱ्यांच्या गळ्यांत उतरले.

कुमार गंधर्वांचा जन्म 1924 चा, म्हणजे बाईंनी मैफल सोडल्यानंतरचा. तरीही देवधर मास्तरांकडे शिकणारा हा तरुण अंजनीबाईंकडेही गेला. पुढे किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकल्या. किशोरीताईंची आई मोगूबाई कुर्डीकर या स्वतः अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. घरात एवढी विद्या असता मुलीने दुसऱ्या घराण्याच्या बाईंपाशी बसावे, हे साधे नव्हे. बाईंनी किशोरीताईंना मींड दिली. जयपूर घराण्याच्या कडक लयबद्ध गाण्यात त्यांनी पुढे जो मऊ, सलग, भावाकुल स्वर आणला, त्याबद्दल शुद्धतावाद्यांनी त्यांना दोष दिला आणि श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्या स्वराची एक मुळी थेट मालप्यापर्यंत पोचते, असे मला वाटते.

आणखी एक योगायोग मनातून जात नाही. 1947 च्या सुमारास क्षयाने कुमारांचे गाणे थांबवले. देवासला ते कित्येक वर्षे अंथरुणास खिळून होते. किशोरीताईंचाही आवाज तारुण्यात काही काळ गेला. दोघेही परत आले, आणि पूर्वीसारखे न गाता निराळे गाऊ लागले. गुरूच्या वाट्याला आलेले मौन शिष्यांच्याही वाट्याला यावे, यात कार्यकारणभाव शोधणे वेडेपणाचे ठरेल. पण आवाज गमावून परत मिळवलेल्या गुरूपाशी ही दोघे शिकली होती, एवढे खरे.

1958 साली संगीत नाटक अकादमीने बाईंना आपले सदस्यत्व अर्पण केले. हा बहुमान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या वेळी जाहीर गाणे सोडून त्यांना 35 वर्षे झाली होती, आणि दिल्लीने गौरविलेल्या या गायिकेचे जन्मगाव मात्र अद्याप पोर्तुगीज अमलाखालीच होते. मालपे मुक्त झाले ते त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर 1961 मध्ये. बाई 7 ऑगस्ट 1974 रोजी वारल्या, तेव्हा त्यांचे वय 91 होते.

किशोरीताईंच्या भूपाची ध्वनिमुद्रिका पुष्कळ घरांत आहे. ती लावावी आणि पंचमावरून गांधाराकडे उतरणारा सूर मध्ये कोठेही न तुटता कसा येतो, तेवढेच ऐकावे.