दोरीपासून बाइंडिंगपर्यंत: स्नोबोर्डची घडण

स्नोबोर्डची सुरुवात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी झाली. १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी ठेवून जोडल्या. मुली त्यावर उभ्या राहून टेकडीवरून घसरू लागल्या. पॉपेन यांच्या पत्नी नॅन्सी यांनी ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ मिळून त्याला ‘स्नर्फर’ हे नाव दिले आणि पुढे ब्रन्सविक कंपनीने ते खेळणे म्हणून बाजारात आणले. लाकडी फळीच्या टोकाला एक दोरी बांधलेली असे. ती हातात धरून तोल सांभाळायचा. पाय मोकळेच असत, त्यामुळे तोल गेला की फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. सरळ उतरणे जमे, मनासारखे वळणे मात्र फार कठीण.

सत्तरच्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांनी ‘विंटरस्टिक’ या नावाने खोल, भुसभुशीत बर्फासाठी बोर्ड बनवले. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कची नोकरी सोडून व्हरमाँटमधले लंडनडेरी गाठले आणि एकामागून एक नमुने घडवून पाहिले. पाय फळीला बांधले तरच शरीराचे वजन फळीच्या कडेपर्यंत पोचते, हे त्यांना उमगले होते. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या स्नर्फर स्पर्धेत ते पाय बांधण्याचे पट्टे लावलेला बोर्ड घेऊन उतरले. इतर स्पर्धकांनी हरकत घेतली, तेव्हा बर्टन यांच्यासाठी वेगळा खुला गट काढावा लागला. तो गट त्यांनी जिंकला.

नुसत्या पट्ट्यांनी काम भागले नाही. बहुतेक रिसॉर्टमधला बर्फ यंत्राने दाबलेला, टणक असतो आणि लाकडी कड त्याला धरत नाही. ऐंशीच्या दशकात पोलादी कडा आल्या, पोटरीला टेकण देणारी उंच पाठीची बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जखडणारी जोडणी, आली. पाठ टेकली की टाचेकडची कड जोर लावून बर्फात रोवता येते. खऱ्या अर्थाने या बदलानेच स्नोबोर्ड खेळणे न राहता साधन झाला. तोवर बहुतेक रिसॉर्ट या खेळाडूंना लिफ्टजवळ फिरकू देत नसत. १९८३ मध्ये व्हरमाँटच्या स्ट्रॅटन माउंटनने दार उघडले, तशी इतरांचीही मने हळूहळू वळली. १९९८ मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

आजही शिकणाऱ्याची वाटचाल मोकळ्या पायापासून कडेपर्यंत, याच क्रमाने होते. आधी कोणता पाय पुढे ठेवायचा ते ठरते: डावा असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. मग एकच पाय बांधून सपाट जागी ढकलत चालायचे, कारण लिफ्टवर चढता-उतरताना मागचा पाय मोकळा लागतो. त्यानंतर टाचेच्या कडेवर आडवे घसरणे, तेच चवड्याच्या कडेवर, आणि शेवटी दोन्ही जोडणारे वळण. उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की नवशिका धाडकन आपटतो आणि सवयीने हात टेकतो. म्हणून या खेळात मनगटे फार मोडतात. हेल्मेट आणि मनगटाचे कवच पहिल्या दिवसापासून हवेच.

साहित्यात बुटाला पहिला मान द्यावा. बोटे टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवले तरी टाच उचलली जाऊ नये. टाच उचलली गेली तर पायाचा जोर कडेपर्यंत पोचतच नाही. बोर्डची लांबी साधारण हनुवटी ते नाक यांदरम्यान असावी, पण उंचीपेक्षा वजन पाहून निवड करणे अधिक बरोबर. पाऊल मोठे असेल तर बोर्ड रुंद हवा, नाहीतर वळताना बुटाची टोके बर्फात घासतात. नवशिक्याला लवचीक बोर्ड सोपा जातो. तो पहिल्या हंगामात भाड्याने घ्यावा, बूट मात्र स्वतःचे घ्यावेत.