टिपण जुने झाले तर?

शाळेच्या वेळापत्रकाचा मोठा तक्ता कार्यालयात असतो. दर तासाला तो पाहायला जाणे शक्य नाही, म्हणून आपण प्रत्येकजण तो आपल्या वहीत उतरवून घेतो. पण तक्ता बदलला आणि वही तशीच राहिली, तर एकाच खोलीत दोन वर्ग येऊन उभे राहतात!

संगणकातही हेच घडले. प्रोसेसरच्या मानाने मुख्य स्मृती फार संथ. म्हणून १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी छोट्या, वेगवान ‘दास-स्मृती’ची कल्पना मांडली. १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएम ३६०/८५ मध्ये ती ‘कॅश’ म्हणून बाजारात आली.

पुढे एका यंत्रात अनेक प्रोसेसर आले. प्रत्येकाची वही वेगळी! १९८३ साली जेम्स गुडमन यांनी उपाय सुचवला: सामाईक मार्गावरचे संदेश प्रत्येक कॅशने ऐकायचे आणि आपली जुनी नोंद बाद करायची.

मात्र स्मृतीचे कोणते पान कुठे आहे, याच्या नोंदींची कॅश निराळी असते. तिला बहुतेक यंत्रांत ही सोय नव्हती. एका प्रोग्रॅमचे पान काढून दुसऱ्याला दिले आणि कुणाकडे जुना पत्ता उरला, तर परक्याचा मजकूर पुसला जाणार. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘माक’ प्रणालीच्या गटाने १९८९ साली यावरची आपली रीत प्रसिद्ध केली. बदल करणारा प्रोसेसर इतरांना थांबवतो, सगळे थांबल्यावर तक्ता बदलतो. मग इतर जण जुनी नोंद खोडून कामाला लागतात.

थांबण्यात वेळ जातो खरा. पण दोन वर्ग एका खोलीत शिरण्यापेक्षा तो खर्च आपण आनंदाने सोसतो, नाही का?